सासूबाईंचा कॉल, टीव्हीचा फोरके आणि एकाच कंपनीचा मीटर

प्रिय ताई,
गेल्या पाच महिन्यांत तीनदा आमचं इंटरनेटचं बिल ठरल्यापेक्षा जास्त आलंय. प्लॅनमध्ये महिन्याला १ टीबी (म्हणजे हजार जीबी) डेटा आहे, त्यापुढे गेलं की टप्प्याटप्प्याने जादा आकार. मी घरूनच काम करते, मुलं दोन, सासूबाई आमच्याकडेच असतात. बिल वाढल्यापासून मी घरातली पोलीस झालेय. मुलांचे व्हिडिओ बंद पाडते, रात्री राउटरचं बटण बंद करते. परवा सासूबाई माझ्या नणंदेशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. मी खोलीत गेले तशी ‘ठेवते गं, इथलं नेट संपेल’ म्हणून त्यांनी कॉल तोडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा म्हणतो, वीज जास्त वापरली की बिल येतंच, मग इंटरनेटचं का नको? कंपनी बदलायची तर आमच्या पत्त्यापर्यंत तार आणलेली ही एकच. दुसरीला विचारलं की ‘आपल्या भागात सेवा उपलब्ध नाही’. मग आम्ही वापर कमी करायचा, मोठा प्लॅन घ्यायचा, की भांडायचं?
– मीटरखाली दबलेली

मीटरखाली दबलेल्या मैत्रिणी,

तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी सासूबाईंचा हिशेब मिटवू, तो सगळ्यात सोपा आहे. दोन माणसांमधला चांगल्या चित्राचा व्हिडिओ कॉल तासाला साधारण १ जीबी घेतो, जाणारा आणि येणारा दोन्ही डेटा धरून. त्या रोज तासभर बोलल्या तरी महिन्याचे ३० जीबी झाले. तुमच्या १ टीबीतले तीन टक्के. आता हॉलमधल्या टीव्हीकडे बघा. तो नवा आणि मोठा असेल तर बहुधा फोरकेमध्ये, म्हणजे एचडीच्याही वरच्या चित्रात, चालतोय. नेटफ्लिक्सच्याच माहितीनुसार त्या दर्जात तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे सासूबाईंचा तासभराचा कॉल आणि टीव्हीवरची आठ-नऊ मिनिटं यांचं वजन सारखं. घरातलं सगळ्यात हलकं गिऱ्हाईक सगळ्यात आधी घाबरून उठलं. मीटर लागलेल्या घरांत हे नेहमी दिसतं. आपण दुसऱ्याच्या जिवावर वापरतोय असं ज्याला वाटतं, तो आधी हात आखडता घेतो, आणि टीव्हीसमोर पाय पसरून बसलेल्यांना त्याचा पत्ताही नसतो.

आता तुमच्या मिस्टरांचा मुद्दा. तो टाकाऊ नाही, बहुतेक लोक असंच म्हणतात आणि कंपन्यांनाही हेच उदाहरण आवडतं. पण विजेचं एक युनिट आपण वापरतो तेव्हा त्यासाठी कुठेतरी कोळसा जळतो किंवा धरणातलं पाणी खाली येतं. पुढच्या युनिटाला पुढचा कोळसा. जीबीचं तसं काही नसतं. कुठल्या गोदामात जीबीची पोती रचून ठेवलेली नसतात आणि महिनाअखेरीला किती उरली हे कुणी मोजत नाही. पैसा लागतो तो खड्डे खणायला, तार टाकायला, परवानग्यांना, यंत्रांना, खांबावर चढणाऱ्या माणसांना, आणि तो भरपूर लागतो. मात्र एकदा टाकलेली तार पहाटे तीनला रिकामी पडली काय आणि भरून वाहिली काय, खर्चात जवळपास काही हलत नाही. हलतं ते रात्री नऊला, सगळ्या घरांत एकदमच टीव्ही लागतात तेव्हा. ती गर्दी पेलण्यासाठी कंपनीला यंत्रं बदलावी लागतात, वाट रुंद करावी लागते.

महिन्याचा मीटर ही गर्दी मोजतच नाही. समजा, शेजारच्या मुलाने पहाटे साडेतीनला एका गेमचे १०० जीबी उतरवून घेतले आणि तुम्ही रात्री नऊला दोन तासांचा चित्रपट फोरकेत पाहिला, १४ जीबी. कंपनीच्या जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, ताण तुम्ही टाकलात. मीटरच्या लेखी मात्र शेजारचा मुलगा तुमच्या सातपट अपराधी.

कंपनी स्वतः बाहेरच्या जगाशी जोडणी कशी विकत घेते, तेही मिस्टरांना सांगा. या धंद्यात एक जुनी, रुळलेली पद्धत आहे, ‘नाइन्टी-फिफ्थ पर्सेंटाइल’. दर पाच मिनिटांनी तारेवरचा वेग मोजायचा, महिन्याच्या शेवटी सगळी मापं उतरत्या क्रमाने लावायची, वरची पाच टक्के सोडून द्यायची आणि त्यानंतर जे पहिलं माप येईल त्यावर बिल करायचं. तीस दिवसांच्या महिन्यात ती माफ केलेली पाच टक्के म्हणजे ३६ तास होतात. एकूण किती जीबी गेले, हा प्रश्न त्या बिलात येतच नाही. घाऊक घेताना वेगाचं माप आणि तुम्हाला किरकोळीत विकताना वजनाचं. त्यात नेटफ्लिक्स २०१२ पासून ‘ओपन कनेक्ट’ या नावाने आपले सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच ठेवायला देतं, तेही फुकट. गूगलचीही तशी व्यवस्था आहे. म्हणजे तुम्ही पाहिलेला चित्रपट पुष्कळदा समुद्रापलीकडून आलेलाच नसतो, तो कंपनीच्याच खोलीतल्या पेटीतून निघालेला असतो.

एक गणित मी स्वतः केलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं. १०० एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा) प्लॅन घेतला आणि तो जाहिरातीतल्या पूर्ण वेगाने चालवला, तर १ टीबी संपायला लागतात २२ तास १३ मिनिटं. महिन्याचा कोटा दुसरा दिवस उजाडता उजाडता खलास! वेग विकायचा मोठ्या अक्षरांत आणि मर्यादा लिहायची तळाच्या बारीक ओळीत, हे दोन्ही एकाच कागदावर असतं.

आता थोडं कंपनीच्या बाजूने बोलते, नाहीतर तुम्ही हे वाचून दाखवाल आणि मिस्टर म्हणतील, ‘ताई एकतर्फी आहेत.’ मोबाइलच्या टॉवरवर आणि उपग्रहावर हवेतली जागा खरोखरच मोजकी असते. तिथे मर्यादा घालण्याला अर्थ आहे. महिन्याला फक्त मेल आणि बातम्या वाचणाऱ्या आजोबांनी फोरकेवाल्या घराएवढंच बिल का भरावं, हा सवालही रास्त आहे. पण मग आजोबांचं बिल खरंच उतरलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी मर्यादा आली की जास्त वापरणाऱ्यांचं बिल चढतं, आजोबांचं आहे तिथेच राहतं. तुमच्या कंपनीचा सगळ्यात लहान प्लॅन उघडून बघा, मी काय म्हणते ते तिथे दिसेल.

आणि मर्यादेसाठी पुढे केलं जाणारं गर्दीचं कारण तर या धंद्यातल्याच माणसाने सोडून दिलेलं आहे. मायकेल पॉवेल हे पूर्वी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचे, एफसीसीचे, अध्यक्ष होते आणि नंतर केबल कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी मान्य केलं की डेटामर्यादेमागचा मुख्य प्रश्न गर्दीचा नाही, जाळं उभारायला लागलेला मोठा स्थिर खर्च ग्राहकांकडून कसा वसूल करायचा, याचा आहे. त्यानंतर मार्च २०२० मध्ये सगळं जग घरात बसलं आणि घरूनच कामाला लागलं. जाळ्यांवर तोवरचा सगळ्यात मोठा भार आला, आणि नेमक्या त्याच दिवसांत कॉमकास्टसारख्या अमेरिकेतल्या मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी मर्यादा उठवल्या. जाळी कोसळली नाहीत. जून संपला आणि जुलैपासून कॉमकास्टची मर्यादा परत आली, आधीच्या १ टीबीऐवजी १.२ टीबी होऊन. गर्दीसाठीच मर्यादा असती तर ती गर्दीच्या दिवसांत लागायला हवी होती ना?

मग मर्यादा ठरते कशावर? त्याच कॉमकास्टचा नकाशा बघा. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तिची मर्यादा वर्षानुवर्षं लागू होती. ईशान्येकडच्या राज्यांत, जिथे व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीची फायबर दारोदार पोचलेली आहे, तिथे नव्हती. २०२१ पासून तिथेही लावायचं जाहीर झालं, ओरड झाली, तारीख पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि ती लागलीच नाही. कंपनी तीच, यंत्रं त्याच जातीची, व्हिडिओही तेच. पुढे फायबरवाल्यांनी आणि टॉवरवरून घरगुती इंटरनेट देणाऱ्यांनी ग्राहक ओढायला सुरुवात केली, तेव्हा २०२५ मध्ये तिने आपल्या नव्या प्लॅनांतून मर्यादाच काढून टाकली. माझं मत तुम्हाला कळलं असेल. तुमच्या घरात किती जीबी जातात याच्याशी तुमच्या मीटरचा संबंध थोडा. तुमच्या दारापर्यंत किती तारा येतात याच्याशी जास्त. तुमच्याकडे एकच येते.

हे सगळं खरं असलं तरी पुढचं बिल तर यायचंच आहे. तेव्हा आधी गळती शोधा.

आमच्याकडचा किस्सा सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच मर्यादेबाहेर जायला लागलो. महिनाभर घरात सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते. मी मुलाला बोलले, मुलाने बापाकडे बोट दाखवलं. शेवटी एका रविवारी राउटरचं पान उघडून कुठलं यंत्र किती डेटा खातंय ते ओळीने वाचलं. पहिल्या नंबरावर दाराबाहेरचा कॅमेरा! हालचाल दिसली की तो क्लिप काढतो आणि क्लाउडवर चढवतो. मी रेकॉर्डिंग उघडून बघितलं तर रात्रीच्या दीड वाजताची क्लिप, त्यात दाराशेजारी टांगलेल्या मनीप्लांटची वेल वाऱ्याने हलतेय. पुढची क्लिप, तीच वेल. त्याच्या पुढची, वेल. पहाटेपर्यंत वेलच. महिन्याला दीडशे जीबीच्या आसपास आम्ही त्या झाडाची चित्रफीत जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जपून ठेवत होतो. नाव मनीप्लांट! कुंडी दोन फूट सरकवली, विषय संपला. (मुलाची माफी मागायची अजून राहिलीय.)

तुमच्याकडे कॅमेरा असेल आणि तो सतत चढवत असेल, तर १ एमबीपीएससारख्या किरकोळ वेगानेही महिन्याचे ३२४ जीबी होतात. नसेल तर इतर संशयित असे. टीव्हीचा पडदा बंद केला तरी त्याला लावलेली इंटरनेटची काडी (स्टिक) किंवा पेटी आतल्या आत एकामागून एक भाग लावत बसते, त्यामुळे ‘पुढचा भाग आपोआप’ ही सोय आधी बंद करा. फोनचा बॅकअप कधीकधी एखाद्या मोठ्या व्हिडिओवर अडकतो आणि रोज रात्री तोच पुन्हा चढवत राहतो. गेम आणि संगणकाची अपडेट्स, तीही एकाच घरात चार यंत्रांवर चारदा. आणि पाहुण्यांना कधीकाळी दिलेला वायफायचा पासवर्ड, जो आता कुणाकुणाकडे आहे देव जाणे. पासवर्ड बदलला की घरातली प्रत्येक वस्तू पुन्हा जोडावी लागते, ते कंटाळवाणं आहे, पण त्यातच कळतं की आपल्या घरात किती गोष्टी इंटरनेटला चिकटलेल्या आहेत. टीव्हीचा दर्जा फोरकेवरून एचडीवर आणा, तासाला ७ च्या जागी ३ जीबीपर्यंत येतो. सोफ्यावरून बघताना फरक कळतो का, ते मुलांना न सांगता करून बघा. माझा अंदाज, कुणी विचारणारही नाही.

रात्री राउटर बंद करायची सवय मात्र सोडा. रात्रीची अपडेट्स मग दिवसा उतरतात, तुमच्या कामाच्या वेळेत. डेटा तेवढाच जातो.

दुसरं काम वहीचं. आठ दिवस रोज रात्री एकाच वेळी दोन आकडे लिहा. एक राउटरचा, दुसरा कंपनीच्या ॲपमधला. ते तंतोतंत जुळणार नाहीत, आणि त्यात लबाडीच असते असं नाही. बरेच राउटर १०२४ च्या पटीत मोजतात, कंपनी हजाराच्या. नुसत्या तेवढ्याने जीबीमागे सात टक्क्यांचा फरक पडतो आणि टीबीपर्यंत जाता जाता तो दहा टक्क्यांच्या जवळ पोचतो. म्हणजे राउटर ९३ दाखवत असताना कंपनी १०० म्हणेल आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण फरक वीस-पंचवीस टक्के निघाला, किंवा घर बंद असतानाच्या दिवशीही वापर दिसला, तर वही कामाला येते. मी एकदा मोडेमची वायर काढून दोन दिवस गावाला गेले आणि परत येऊन बघते तर त्या दोन दिवसांत कंपनीच्या लेखी आम्ही काही जीबी वापरलेले. फोन केला. ‘मॅडम, आमची सिस्टिम ऑटोमॅटिक आहे.’ मी म्हटलं, माझा मोडेमही ऑटोमॅटिक आहे, पण त्याला वीज लागते. मग तारखा आणि वेळा लिहून लेखी तक्रार केली. उत्तर आलं की आधीच्या दिवसांचा वापर सिस्टिममध्ये उशिरा चढला होता. असेलही. त्या महिन्याचा जादा आकार त्यांनी परत केला आणि का ते काही लिहिलं नाही. पेट्रोलपंपाच्या मापावर सरकारी शिक्का असतो. इंटरनेटच्या मापावर बहुतेक ठिकाणी तसं कुणीच बघत नाही, म्हणून आपली वही.

मोठा प्लॅन घ्यायचा की नाही, याला एकच कसोटी. गळती बंद करून एक पूर्ण महिना जाऊ द्या. आकडा मर्यादेच्या दहा टक्के आत-बाहेर असेल तर घेऊ नका, एखादा महिना जादा आकार गेला तरी वर्षाचा हिशेब बहुधा तुमच्याच बाजूने राहील. दर महिन्याला दीडपट जात असेल तर अमर्याद डेटाची जोड मागा आणि ती वेगाच्या मोठ्या प्लॅनबरोबरच मिळते का वेगळी, सुटीही मिळते, हे नीट विचारा. सुटी मिळत असली तरी विकणारा आपणहून सांगत नाही. तुम्हाला बहुधा वेग पुरेसाच आहे, डेटा कमी पडतोय. या दोन गोष्टींची गल्लत करून वरचा प्लॅन गळ्यात मारणं हा काउंटरवरचा जुना डाव. आणखी एक विचारा: मर्यादा संपल्यावर जादा आकार लागण्याऐवजी वेग कमी होईल अशी सोय आहे का? असेल तर डोळे झाकून घ्या. महिन्याचे शेवटचे चार दिवस नेट रांगेल, चिडचिड होईल, पण बिल फुगणार नाही. तीही नसेल तर पंचाहत्तर टक्क्यांना आणि नव्वद टक्क्यांना मेसेज यावा एवढी मागणी तरी लेखी करा. बोलणं फोनवर झालं तरी तक्रारीचा नंबर मेलवर मागून घ्या. ‘कनेक्शन बंद करायचंय’ ही धमकी मात्र खरंच बंद करायची तयारी असेल तरच द्या. एकच तार असलेल्या पत्त्यावर तिचं वजन किती, ते पलीकडच्या माणसाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

राहिलं भांडण. एकटीने करू नका, एकटीचं भांडण म्हणजे त्यांच्यासाठी आणखी एक तक्रार नंबर. पण सगळ्यांनी मिळून केलेलं भांडण वाया जातं असं समजू नका.

कॅनडात २०११ साली असंच झालं. तिथे बेलसारख्या मोठ्या कंपनीच्या तारा भाड्याने घेऊन लहान कंपन्या सेवा देत, आणि त्यांच्याकडे मर्यादा सैल असायच्या. लोक त्यासाठीच त्यांच्याकडे जात. तिथल्या नियामकाने, सीआरटीसीने, बेलला परवानगी दिली की या लहान कंपन्यांकडूनही ग्राहकांच्या वापराप्रमाणे पैसे घ्या. २०० जीबीचे प्लॅन २५ जीबीवर यायची वेळ आली. म्हणजे दुकानं चार, पण माल आणि मीटर एकाचाच. ‘ओपनमीडिया’ नावाच्या संस्थेच्या अर्जावर जवळपास पाच लाख सह्या जमल्या, सरकारने फेरविचार करायला लावला, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये नियामकाने मार्ग बदलला. लहान कंपन्यांनी जीबीवर नव्हे, तर किती क्षमता घेतली त्यावर किंवा सपाट दराने पैसे द्यायचे. म्हणजे मघाशी सांगितलं तेच घाऊक माप. त्याआधी एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत टाइम वॉर्नर केबलने रोचेस्टर, ग्रीन्सबरो, ऑस्टिन अशा शहरांत मीटर लावायचं जाहीर केलं होतं. शहरं अशी उसळली की महिना संपायच्या आत बेत गुंडाळावा लागला.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. पाच लाख सह्या नकोत, चाळीस घरं पुरेत. पण चाळिसांचं पत्र तुमच्या कंपनीला पाठवू नका, ती वाचून ठेवून देईल. ते पाठवा ‘सेवा उपलब्ध नाही’ म्हणणाऱ्या दुसरीला. तार शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर का थांबते माहितेय? खणायचा खर्च ठरलेला असतो आणि पलीकडे किती गिऱ्हाइकं मिळतील हे ठरलेलं नसतं. चाळीस पत्ते, सध्या कुठला प्लॅन आहे, बदलायची तयारी आहे, करार कधी संपतो, एवढं एका पानावर लिहून दिलंत तर त्यांच्या माणसाचं अर्धं काम तुम्ही केलेलं असतं. वाटेत कुणाची जागा, कुणाची परवानगी लागते तेही शोधून लिहा. कित्येकदा अडथळा कंपनीचा नसतोच, आवारात तार आणू द्यायला कुणीतरी वर्षभर सही केलेली नसते. कुणी पहिल्या कंपनीशी ‘फक्त तुम्हीच’ असा करार करून ठेवलाय का, तेही विचारा. या प्रश्नावर समोरचा जरा अडखळला तर पत्रात तो परिच्छेद वाढवा.

तोवर टॉवरवरून मिळणारं घरगुती इंटरनेट तुमच्या खिडकीत कसं चालतं, एक महिना घेऊन बघा. कामाच्या मिटिंगा तारेवर ठेवा आणि टीव्ही तिकडे टाका. ते तारेइतकं भरवशाचं नसेल, पावसात लटपटेल, त्याचीही काही मर्यादा असेल. पण दुसरं कनेक्शन हातात असताना पहिल्या कंपनीशी बोलणं वेगळ्या आवाजात होतं, हे मी अनुभवाने सांगते.

नियामकाने कधी लोकांची मतं मागवली तर तीन ओळी का होईना, पाठवा. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनवर खाद्यपदार्थाच्या पाकिटावर असतो तसा तक्ता लावावा लागतो. वेग किती, डेटा किती, त्यापुढे आकार किती, सगळं एका चौकटीत. मर्यादा तशीच राहिली, पण ती बारीक ओळीतून बाहेर आली.

न्यूझीलंडने तर मुळालाच हात घातला. २०११ मध्ये तिथल्या मोठ्या टेलिकॉम कंपनीचे दोन तुकडे झाले. तारा ‘कोरस’ नावाच्या वेगळ्या कंपनीकडे गेल्या, आणि ती घरगुती ग्राहकाला थेट काही विकत नाही. त्या तारांवरून सेवा विकणारे बाकी सगळे. जिथे एकेकाळी जीबी मोजूनच इंटरनेट मिळायचं, तिथे आता अमर्याद प्लॅन हीच नेहमीची गोष्ट आहे. तुमच्या माझ्या हातात हे नाही. पण ‘इंटरनेटचा धंदा असाच चालतो’ असं कुणी तुमच्या तोंडावर म्हणालं तर ठेवून द्यायला बरं.

मिस्टरांना राउटरचं पान उघडायला बसवा. हिशेबाची आवड दिसतेच आहे, वहीही त्यांच्याकडे द्या. टीव्हीचा रिमोट तुम्ही घ्या आणि एचडीवर आणा. आणि आज संध्याकाळी नणंदेला तुम्हीच कॉल लावा, फोन सासूबाईंच्या हातात द्या आणि खोलीचं दार ओढून घ्या.

– ताई